आत्मा नाही, तर फळ कुणाला? प्रारंभिक बौद्ध विचार वाचायला घेणाऱ्यांसाठी

श्रावस्तीच्या पूर्वारामातली पौर्णिमेची रात्र. भिक्खुसंघ उघड्यावर बसला आहे, मध्ये बुद्ध. एक भिक्खू पंचस्कंधांविषयी, म्हणजे माणूस ज्या पाच घटकांचा बनतो त्यांविषयी, एकेक प्रश्न विचारतो, उत्तर मिळालं की पुढचा विचारतो. ते ऐकत बसलेल्या दुसऱ्या एका भिक्खूच्या मनात येतं: रूप आत्मा नाही, वेदना आत्मा नाही, संज्ञा, संस्कार, विज्ञान यांपैकी काहीच आत्मा नाही. मग आत्म्याने न केलेली ही कर्मं कुठल्या आत्म्याला जाऊन भिडणार?

बुद्धांच्या उपदेशांना सुत्त म्हणतात आणि त्यांच्या पाली संग्रहांना निकाय. मज्झिम निकायातल्या १०९व्या सुत्तात, म्हणजे महापुण्णम सुत्तात, हा प्रसंग आहे. आजही अभ्यासवर्गात नवा माणूस आला की पहिल्याच बैठकीत हे विचारतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांच्या १९५७ साली प्रकाशित झालेल्या बुद्ध आणि धम्मावरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत जे चार प्रश्न वाचकांपुढे ठेवले, त्यांतला तिसरा हाच: आत्मा नसेल तर कर्म आणि पुनर्जन्म कसे? तुम्हाला हा प्रश्न पडला असेल तर तुमचं काही चुकलेलं नाही. बुद्धांच्या काळापासून शून्यवादी आचार्य नागार्जुनापर्यंतचा सहा-सात शतकांचा विचार मोठ्या प्रमाणात याच प्रश्नाच्या रेट्याने पुढे सरकला, असं मला वाटतं. म्हणून सुरुवातीचा धागा म्हणून मी हाच प्रश्न हातात देतो.

बहुतेकजण याद्यांपासून सुरुवात करतात: चार आर्यसत्यं, पाच स्कंध, आठ अंगांचा मार्ग, बारा निदानं (दुःख कशामुळे होतं त्या कारणांच्या साखळीच्या कड्या). याद्या पाठ होतात, विचार मात्र हाती लागत नाही. मी स्वतः दीघ निकायाच्या पहिल्या सुत्तापासून, ब्रह्मजालापासून, सुरुवात केली होती. त्यात आत्मा आणि जग यांविषयीच्या ६२ मतांचा पाढा आहे. पंधरावीस मतांनंतर मी पुस्तक मिटलं आणि पुढची दोन वर्षं उघडलं नाही. ते सुत्त महत्त्वाचं आहे, पण ज्याला त्या काळचे वाद ठाऊक आहेत त्याच्यासाठी.

आधी हाताशी काय हवं

पाली त्रिपिटक, म्हणजे हे निकाय ज्यात येतात तो मूळ बौद्ध ग्रंथसंग्रह, देवनागरीत उपलब्ध आहे, ही आपल्यासाठी मोठी सोय. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने सगळं त्रिपिटक देवनागरीत आणलं आहे आणि ते इंटरनेटवर मोफत वाचता येतं. मराठीत धर्मानंद कोसंबींनी केलेला सुत्तनिपाताचा अनुवाद आहे. पाली येत नसलं तरी एका बाजूला पाली आणि दुसऱ्या बाजूला अनुवाद असं ठेवून वाचा. मराठी माणसाला पालीतला एखादा शब्द तरी प्रत्येक ओळीत ओळखीचा वाटतो, आणि हळूहळू कान तयार होतो.

एक वही करा. पानावर चार रकाने आखा: कोण विचारतंय, काय विचारतंय, बुद्ध काय सांगतात, आणि काय अनुत्तरित राहिलं. चौथा रकाना कधीही रिकामा सोडू नका. नंतरच्या पंथांनी जे काही मांडलं ते याच चौथ्या रकान्यातून निघालेलं आहे.

रोज अर्धा तास पुरे. खाली सांगितलेलं वाचन तेवढ्यात तीन-चार महिन्यांत होतं.

शब्दांची फसगत

ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नका. पाली आपल्याला जवळची वाटते म्हणूनच ती आपल्याला फसवते. पाच स्कंधांची नावं घ्या: रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान. पाचही शब्द मराठीत रोज वापरले जातात आणि पाचांचेही अर्थ वेगळे आहेत.

मराठीत वेदना म्हणजे दुखणं. पालीत सुखाची वेदना असते, दुःखाची असते आणि यांपैकी कुठलीच नसलेलीही असते. उन्हातून घरी आल्यावर माठातलं पाणी प्यायलं की घशाला जो गारवा वाटतो तीही वेदनाच. हे लक्षात आलं नाही तर ‘वेदनेतून तृष्णा निर्माण होते’ हे वाक्य कळणारच नाही, कारण दुखण्याची ओढ कुणाला लागेल? आपल्याकडे संस्कार आईवडील करतात किंवा भटजी करतात. पालीत संखार म्हणजे मनाची घडवणारी, रचणारी हालचाल, ज्यात हेतू आला, सवय आली. विज्ञान शाळेत शिकवतात, पालीत विञ्ञाण म्हणजे डोळ्याने, कानाने, मनाने होणारी जाणीव. रूप म्हणजे देखणेपण नव्हे, शरीर आणि सगळं भौतिक. सञ्ञा म्हणजे ओळखणं: हे निळं, हे पिवळं, हा अमुक.

आणखी एक शब्द वहीच्या पहिल्या पानावर मोठा लिहून ठेवा: उपादान. त्याचे दोन अर्थ एकाच वेळी चालतात. एक घट्ट धरून ठेवणं, दुसरा सरपण. निब्बान म्हणजे विझणं, हे त्याच चित्राचं दुसरं टोक. बुद्धांच्या बोलण्यात आग वारंवार येते. ती नुसती उपमा म्हणून वाचली तर अर्धं हातचं जातं, कारण आत्म्याच्या प्रश्नावरचं त्यांचं उत्तर त्या आगीतच आहे.

पहिली पायरी: तेव्हा वाद काय होते

उत्तर वाचण्याआधी प्रश्न कुणाचा होता ते पाहा. बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या सभेत आर्तभाग याज्ञवल्क्याला विचारतो: माणूस मेला, त्याची वाणी अग्नीत गेली, प्राण वाऱ्यात गेला, डोळा सूर्यात गेला, शरीर मातीत गेलं; मग तो माणूस स्वतः कुठे असतो? याज्ञवल्क्य म्हणतो, बाबा रे, माझा हात धर, हे आपण दोघंच जाणू, इथे चारचौघांत नको. दोघे बाजूला जाऊन बोलतात. उपनिषद सांगतं की ते जे बोलले ते कर्माविषयी बोलले: पुण्यकर्माने माणूस पुण्यवान होतो, पापकर्माने पापी. भर सभेत बोलायला अवघड वाटावी इतकी ही कल्पना तेव्हा नवी होती. आणि बघा, ‘मग तो कुठे असतो’ याला सरळ उत्तर तिथेही नाही.

आता दीघ निकायाचं दुसरं सुत्त, सामञ्ञफल, उघडा. मगधाचा राजा अजातशत्रू सहा आचार्यांची मतं बुद्धांना ऐकवतो. अजित केसकंबल म्हणतो, माणूस चार महाभूतांचा, मेल्यावर माती मातीत जाते, शहाणा आणि मूर्ख दोघेही संपतात. मक्खली गोसाल म्हणतो, प्रयत्नाने काही बदलत नाही. सुताची गुंडी फेकली की जशी सुटत सुटत संपते तसा प्रत्येकाचा संसार ठरल्या लांबीचा. पूरण कस्सपाच्या मते कृत्याला पाप-पुण्य लागतच नाही.

जैनांचं मत मज्झिम निकायाच्या ५६व्या सुत्तात, उपालि सुत्तात येतं: शरीराने केलेलं कृत्य सगळ्यांत भारी. बुद्ध म्हणतात, मनाचं भारी. इथे एक सावधगिरी हवी. या सगळ्या मतांचा वृत्तान्त बौद्धांनी दिलेला आहे. प्रतिपक्षाचं म्हणणं त्याच्या स्वतःच्या ग्रंथांत वाचल्याशिवाय त्याच्याविषयी मत बनवू नये, आणि जैन आगम त्यासाठी आपल्या हाती आहेत.

या गर्दीत बुद्धांचं वेगळेपण अंगुत्तर निकायाच्या सहाव्या निपातातल्या एका वाक्यात आहे: ‘चेतनाहं, भिक्खवे, कम्मं वदामि.’ भिक्खूंनो, मी चेतनेला, म्हणजे हेतूला, कर्म म्हणतो. कर्म यज्ञाच्या मंडपातून आणि शरीराच्या कष्टातून निघून मनात आलं. नीती बचावली, गोसालाची गुंडी टळली. पण वहीच्या चौथ्या रकान्यात लिहा: हेतू कुणाचा?

दुसरी पायरी: सुत्तनिपात, आणि गोदाकाठचे सोळाजण

आता सुत्तनिपाताचे शेवटचे दोन वर्ग घ्या, अट्ठकवग्ग आणि पारायनवग्ग. बौद्ध वाङ्मयातल्या सर्वांत जुन्या थरांत अभ्यासक त्यांची गणना करतात, आणि त्याची कारणं साधी आहेत. या दोन्हींवरची निद्देस नावाची टीका त्रिपिटकातच समाविष्ट आहे. टीका जिथे ग्रंथात आली तिथे मूळ रचना तिच्याहून जुनी असणारच. शिवाय उदान या ग्रंथात सोण नावाचा भिक्खू बुद्धांसमोर अट्ठकवग्गाची सोळा सुत्तं म्हणून दाखवतो.

पारायनवग्गाची सुरुवात आपल्या घरची आहे. बावरी नावाचा ब्राह्मण कोसलातून दक्षिणेत येऊन अस्सकांच्या मुलखाजवळ गोदावरीकाठी राहतो. त्याचे सोळा शिष्य प्रश्न घेऊन निघतात आणि वाटेतली गावं एकापाठोपाठ एक येतात: पतिट्ठान म्हणजे पैठण, मग माहिस्सती, उज्जेनी, विदिशा, कोसंबी, साकेत, श्रावस्ती, आणि शेवटी राजगृह. प्रस्तावनेच्या या गाथा मूळ प्रश्नोत्तरांपेक्षा नंतरच्या असाव्यात, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. मी तरी ती वाट नकाशावर बोटाने फिरवत वाचतो. पैठणहून उत्तरेकडे जाणारा व्यापाराचा रस्ता कसा होता ते त्या यादीतून दिसतं.

या सोळांपैकी दोघांकडे नीट लक्ष द्या. उपसीव विचारतो: जो मुक्त झाला, मावळला, तो नसतोच की कायमचा सुखरूप असतो? बुद्ध म्हणतात, वाऱ्याच्या झोताने ज्योत विझते आणि मोजणीबाहेर जाते, तसा तो. ‘अत्थङ्गतस्स न पमाणमत्थि’, मावळलेल्याला माप नाही. ज्या शब्दांनी त्याच्याविषयी बोलावं तेच उरत नाहीत. मोघराज विचारतो, जगाकडे कसं पाहिलं म्हणजे मृत्यूच्या राजाची नजर पडत नाही? उत्तर: ‘सुञ्ञतो लोकं अवेक्खस्सु, मोघराज, सदा सतो.’ जगाकडे शून्य म्हणून पाहा, सदैव जागा राहून. हा सुञ्ञ शब्द वहीत अधोरेखित करा. पुढे तो फार मोठा होणार आहे.

अट्ठकवग्गात स्कंधांच्या याद्या नाहीत, निदानांची साखळी पूर्ण नाही. भर आहे तो मतांना चिकटून न बसण्यावर. कलहविवाद सुत्तात प्रश्न आहे की भांडणं येतात कुठून. उत्तर मागे मागे जातं: प्रिय वस्तूंतून, त्या इच्छेतून, इच्छा सुखद-दुःखदातून, ते स्पर्शातून, स्पर्श नाम आणि रूपातून. बारा निदानांचं बीज इथे दिसतं, तेही जन्ममरणाच्या गूढापासून सुरू न होता भाऊबंदकीच्या भांडणापासून. मला हा भाग फार आवडतो. नवख्याने प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे एकामुळे दुसरं घडतं हा विचार, इथूनच शिकायला घ्यावा.

तिसरी पायरी: आत्मा नाही म्हणजे नेमकं काय

संयुत्त निकायाच्या २२व्या संयुत्तातलं ५९वं सुत्त, अनत्तलक्खण. स्थळ ऋषिपतन म्हणजे सारनाथ, श्रोते पाच पहिले भिक्खू. फार तर दोन पानांचं आहे, ते सावकाश वाचा.

त्यात युक्तिवाद दोन आहेत. पहिला ताब्याचा: रूप जर आत्मा असतं तर ते आजारी पडलं नसतं आणि ‘माझं शरीर असं असू दे, तसं नको’ असं म्हणता आलं असतं. तसं म्हणता येत नाही. हेच मग वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञानाविषयी. दुसरा प्रश्नोत्तरांचा: हे नित्य की अनित्य? अनित्य. जे अनित्य ते सुख की दुःख? दुःख. मग जे अनित्य, दुःख आणि बदलणारं, त्याला ‘हे माझं, हा मी, हा माझा आत्मा’ म्हणणं योग्य आहे का? नाही.

इथे ‘आत्मा नाहीच’ असं सरळ विधान नाही, हे बारकाईने बघा. ज्या ज्या गोष्टीला आपण मी म्हणतो ती प्रत्येक तपासली आणि ती मी म्हणण्याजोगी नाही असं आढळलं, एवढंच आहे. हा फरक पुढे शतकानुशतकं भांडणाचं कारण झाला.

एक प्रयोग करा. सुत्त वाचून झाल्यावर दहा मिनिटं शांत बसा आणि पायाला मुंग्या आल्या की पाय हलवायचा निर्णय कोण घेतो ते बघा. पायातली झिणझिण, नकोसेपणा, ‘मुंग्या आल्या’ ही ओळख, हलवायची उबळ, आणि या सगळ्याची जाणीव. पाच स्कंध मांडीत सापडतात. पुस्तकातून पाच वेळा वाचून जे कळत नाही ते इथे कळतं.

लगेच मज्झिम निकायाचं ३८वं सुत्त घ्या. कोळ्याचा मुलगा साति हा भिक्खू म्हणतो, मला समजलं ते असं की हेच विज्ञान संसारात धावतं, भटकतं, दुसरं नाही. म्हणजे आत्मा गेला आणि त्याच्या जागी विज्ञान येऊन बसलं. बुद्ध त्याला कडक शब्दांत सुनावतात आणि आगीचं उदाहरण देतात. लाकडावर पेटलेली ती लाकडाची आग, गवतावरची गवताची, गोवऱ्यांवरची गोवऱ्यांची, कोंड्यावरची कोंड्याची. तसंच डोळ्यावर अवलंबून झालं ते डोळ्याचं विज्ञान, कानावर अवलंबून झालं ते कानाचं. सरपणाविना आग नावाची वेगळी वस्तू नाही, जी एका चुलीतून उठून दुसऱ्या चुलीत जाईल.

मग पौर्णिमेच्या रात्रीच्या त्या भिक्खूचं काय झालं? बुद्धांनी त्याचा विचार ओळखला, त्याला अविद्येत आणि तृष्णेत अडकलेला म्हटलं, आणि पुन्हा त्याच जागी आणून उभं केलं: रूप नित्य की अनित्य? उत्तर दिलं नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे टाळणं वाटलं होतं. आता वाटतं की प्रश्नातला ‘कुठल्या आत्म्याला’ हा शब्दच त्यांना मान्य नव्हता.

चौथी पायरी: मधून शिकवणं

ज्याला उत्तर म्हणता येईल ते संयुत्त निकायाच्या बाराव्या संयुत्तात आहे. अचेल कस्सप हा नग्न तपस्वी भिक्षेच्या वाटेवरच बुद्धांना गाठतो. दुःख स्वतः केलेलं असतं का? असं म्हणू नकोस, कस्सप. मग दुसऱ्याने केलेलं? असंही नको. दोघांनी? आपोआप? तेही नको. मग दुःख नाहीच का? आहे. शेवटी बुद्ध उलगडून सांगतात: जो करतो तोच भोगतो म्हटलं तर शाश्वतवाद होतो, म्हणजे कायम टिकणारा कुणी मानावा लागतो; एक करतो आणि दुसरा भोगतो म्हटलं तर उच्छेदवाद, म्हणजे मेल्यावर सगळं तुटतं असं मानावं लागतं. दोन्ही टोकांना न जाता तथागत, म्हणजे बुद्ध, मधून धम्म सांगतात: अविद्येमुळे संस्कार, संस्कारांमुळे विज्ञान, आणि पुढची साखळी.

म्हणजे ‘कोण’ या प्रश्नाच्या जागी ‘कशामुळे’ हा प्रश्न आला. ‘इमस्मिं सति इदं होति’, हे असताना ते होतं. प्रारंभिक बौद्ध विचारातलं सगळ्यांत मोठं वळण मला हे वाटतं, आणि ते कळायला वेळ लागला तरी हरकत नाही. त्याच संयुत्तातलं १५वं सुत्त कच्चानगोत्त या भिक्खूला केलेल्या उपदेशाचं आहे: ‘सगळं आहे’ हे एक टोक, ‘काहीच नाही’ हे दुसरं.

बारा निदानांची यादी मात्र शिलालेखासारखी ठाम समजू नका. दीघ निकायाच्या महानिदान सुत्तात कड्या नऊच आहेत, आणि तिथे विज्ञान व नामरूप एकमेकांवर टेकलेले आहेत. दुसरीकडे बुद्धांचा शिष्य सारिपुत्त हेच बोरूच्या दोन पेंढ्यांनी समजावतो: एकमेकींना टेकवून उभ्या केल्या, एक काढली की दुसरी पडते. कुठे दहा कड्या, कुठे नऊ, कुठे बारा. यात गोंधळून जाण्यासारखं काही नाही, विचार आकार घेताना आपल्याला दिसतो आहे.

वाचताना पुनरुक्तीचा कंटाळा येईल. हे वाङ्मय आधी कित्येक पिढ्या तोंडपाठ होतं. ते लेखी उतरलं इ.स.पू. पहिल्या शतकात, श्रीलंकेत, वट्टगामणी राजाच्या काळात. जात्यावरच्या ओवीत ओळ परत येते तशीच इथेही येते, म्हणणाऱ्याच्या सोयीसाठी. छापील प्रतीत ‘…पे…’ दिसलं की तो पेय्याल, म्हणजे ‘आधीसारखंच पुढे’. सराईत वाचक पेय्यालात नेमका कुठे शब्द बदलला तेवढं पाहतो.

जुनं कोणतं, नंतरचं कोणतं हे ठरवायचं एक साधन सांगून ठेवतो. याच सुत्तांच्या दुसऱ्या पंथांनी जपलेल्या प्रती चिनी भाषांतरांत आगम म्हणून टिकल्या आहेत, आणि गांधारातून भूर्जपत्रावरची हस्तलिखितं मिळाली आहेत. पाली आणि चिनी प्रतींत जे सारखं ते बहुधा पंथ फुटण्याआधीचं. नवख्याला हे करायची गरज नाही, पण कुणी ‘हेच मूळ बुद्धवचन’ असं छातीठोकपणे सांगू लागलं तर त्याने ही तुलना केली आहे का ते विचारा.

पाचवी पायरी: अभिधम्म आणि फुटलेल्या वाटा

आता चौथ्या रकान्याकडे या. ‘कशामुळे’ने ‘कोण’ची जागा घेतली, पण मग आज केलेल्या कर्माचं फळ वीस वर्षांनी येतं तेव्हा मधली वीस वर्षं ते कुठे असतं? बुद्धांनंतर विद्वान भिक्खूंनी याच्यावर बुद्धी झिजवली.

पहिलं काम त्यांनी केलं ते वर्गवारीचं. सुत्तांतल्या याद्या एकत्र करून अनुभवाचे शेवटचे घटक कोणते ते मोजायला घेतलं. त्या घटकांना धम्म (संस्कृतात धर्म) म्हणतात, आणि या वर्गवारीच्या ग्रंथांना अभिधम्म. पाली अभिधम्माचे सात ग्रंथ आहेत. नवख्याने त्यांतला विभंग थोडा चाळावा आणि बाकीचे सध्या ठेवून द्यावेत. यमक आणि पट्ठान हे एकट्याने वाचायचे ग्रंथ नव्हेत.

त्यांतलाच कथावत्थु, पंथांमधल्या वादांचा ग्रंथ, मात्र उघडाच. अशोकाच्या काळी पाटलिपुत्राच्या संगीतीत, म्हणजे भिक्खूंच्या सभेत, मोग्गलिपुत्त तिस्साने तो मांडला, अशी थेरवादी, म्हणजे पाली त्रिपिटक जपणाऱ्या पंथाची, परंपरा आहे. पहिलाच वाद: ‘पुग्गलो उपलब्भति सच्चिकट्ठपरमत्थेन?’ पुद्गल, म्हणजे व्यक्ती, खरोखरीच्या परम अर्थाने सापडते का? ‘आमन्ता’, होय. आणि मग उलटतपासणी सुरू होते. कोर्टातला साक्षीदार जसा एकेका ‘होय’मध्ये अडकत जातो तशी ती चालते.

‘होय’ म्हणणारे होते पुद्गलवादी: वात्सीपुत्रीय आणि त्यांच्यातून निघालेले संमितीय, भद्रयाणीय, धर्मोत्तरीय. त्यांचं म्हणणं असं: पुद्गल स्कंधांहून वेगळा नाही आणि स्कंधांशी एकही नाही, जशी आग सरपणाहून वेगळी नाही आणि सरपणही नाही. भारसुत्तात बुद्धांनीच पाच स्कंधांना ओझं आणि पुद्गलाला ओझं वाहणारा म्हटलं आहे, हा त्यांचा आधार. बाकीच्या पंथांनी त्यांना मागच्या दाराने आत्मा आत आणणारे ठरवलं. पण चिनी प्रवासी ह्यूएन त्संग सातव्या शतकात भारतात आला तेव्हा संमितीय भिक्खूंची संख्या फार मोठी होती. इतक्या लोकांना जे पटलं ते वेडगळ म्हणून सोडून देऊ नये, असं माझं मत आहे.

सर्वास्तिवाद्यांनी दुसरी वाट धरली: भूत, वर्तमान, भविष्य, तिन्ही काळांतले धर्म असतातच, त्यामुळे झालेलं कर्म फळ द्यायला शिल्लक राहतं. सौत्रांतिकांना हे पटलं नाही; ते म्हणाले, कर्म बीज टाकून जातं आणि चित्ताच्या प्रवाहात बीज पिकतं. प्रश्न एकच, उत्तरं तीन. वहीत तिन्ही शेजारी शेजारी लिहा आणि प्रत्येकाने कुठली अडचण सोडवली व कुठली नवी ओढवून घेतली ते स्वतः ठरवा. ही पायरी घाईने चढू नका, महिना गेला तरी चालेल.

सहावी पायरी: मिलिंद आणि नागार्जुन

थकवा आला असेल तर मिलिंदपञ्ह वाचा. सागल नगरीचा यवन राजा मिलिंद आणि नागसेन भिक्खू यांचा हा संवाद. रथाचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं. ते याआधी संयुत्त निकायात वजिरा भिक्खुणीने दिलेलं आहे, हे सहसा कुणी सांगत नाही. आपल्या प्रश्नाला अधिक जवळचा आहे तो आंब्याचा दाखला. एकाने दुसऱ्याचे आंबे चोरले. पकडल्यावर म्हणाला, याने जमिनीत लावलेले आंबे वेगळे, मी तोडले ते वेगळे. राजा त्याला सोडेल का? नाही, कारण हे आंबे त्या आंब्यांमुळेच झाले. रात्रभर तेवणाऱ्या दिव्याचंही तसंच: पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एक नाही, पण दिवा बदललेला नाही. ‘न च सो, न च अञ्ञो’, तोच नव्हे, दुसराही नव्हे. अचेल कस्सपाला दिलेलं उत्तर इथे घरातल्या वस्तूंनी सांगितलं आहे.

नागार्जुनाची मूलमध्यमककारिका २७ प्रकरणांची आहे. ती सगळी वाचायचा आग्रह धरू नका. पंधरावं प्रकरण काढा, त्यात तो कच्चानगोत्ताच्या उपदेशाचा नाव घेऊन उल्लेख करतो. मग सतरावं काढा, ते कर्म आणि फळावर आहे. तो म्हणतो, तुम्ही पुद्गल नाकारलात पण धर्मांना पक्कं, स्वभाव असलेलं मानलंत. जे अवलंबून आहे ते स्वभावाने शून्य. गोदाकाठच्या मोघराजाला सांगितलेला तो सुञ्ञ शब्द इथे साऱ्या दर्शनाचा पाया झाला.

जमल्यास नाशिकला जा

वाचन एवढं झालं की एक दिवस काढून नाशिकच्या पांडवलेण्यांत जा. त्या डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत भिंतीवर गौतमी बलश्रीचा लांबलचक ब्राह्मी लेख आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याचं १९वं वर्ष, म्हणजे इसवी सनाचं दुसरं शतक. तिच्या लेकाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, पराक्रम वाचायला लोक या लेखाकडे येतात. तुम्ही त्याच्या शेवटाकडे जा. लेणं कुणाला दिलं ते तिथे आहे: ‘निकायस भदावनीयानं भिखुसघस’, भद्रयाणीय पंथाच्या भिक्खुसंघाला.

हे तेच, पुद्गल मानणारे. कथावत्थूतला ‘होय’ म्हणणारा पक्ष या कोठड्यांत राहत होता, पावसाळ्यात इथेच बसून ओझं आणि ओझं वाहणारा यांवर बोलत असणार. कार्ल्याच्या चैत्यातही एका खांबावर सोपाऱ्याच्या धर्मोत्तरीयाचं दान कोरलेलं आहे. आपल्या सह्याद्रीत या लोकांचा वावर होता, आणि त्यांचे स्वतःचे बहुतेक ग्रंथ मात्र काळाच्या ओघात नाहीसे झाले. त्यांचं म्हणणं आपण वाचतो ते मुख्यतः विरोधकांच्या पुस्तकांतून.

खाली उतरायच्या आधी ओसरीच्या पायाकडे वाका. खाली धष्टपुष्ट यक्ष कोरलेले आहेत, लेण्याची जाडजूड तुळई खांद्यावर तोलून धरलेले. भारसुत्ताची प्रत सोबत नेली असेल तर ती तिथे बसून वाचा.